कवडी, गुंज आणि घानाचा सेडी: एका प्रदर्शन फ्रेमच्या नोंदी

१२ जुलै २०२५

आमच्या नाणी-नोटा जमवणाऱ्यांच्या गटाचं वार्षिक प्रदर्शन ४ आणि ५ ऑक्टोबरला ठरलं. प्रत्येकाला एक फ्रेम, म्हणजे सोळा पानं. विषय कळवायची मुदत आज रात्रीची होती. साडेदहाला 'घानाचा सेडी', म्हणजे तिथलं चलन, असं टाकलं आणि मोकळा झालो. होन आणि शिवराई मांडणारे सात जण आधीच आहेत, आठवा होऊन काय करू?

२००५ च्या अखेरीपासून २००८ पर्यंत मी घानात होतो. टेमा हे तिथलं बंदराचं शहर. तिथल्या बादल्या-टब बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघायचो. परत येताना लोक लाकडी मुखवटे आणतात. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून पैसे आणले, तेही असे की ज्यांचं आता तिथे शेंगदाण्याचं पुडकंसुद्धा येणार नाही. आज माळ्यावरून तो डबा काढला. नोटांना पावसाळी कुबट वास येत होता, म्हणून पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरल्या. "पापड घातलेस का?" बायकोने जाता जाता विचारलं.

माल काय आहे ते लिहून ठेवतो. इंग्रजांच्या काळातली भोकाची पाच नाणी. १९५८ चा शिलिंग आणि दोन पेन्या. १९६५ ची एक सेडीची नोट, कोपरा दुमडलेली. पन्नास सेडीच्या तीन नोटा, यांची गोष्ट वेगळी आहे. जुन्या हजारांच्या नोटांची एक गड्डी. २००७ चा पूर्ण संच. २०१० ची दोन सेडीची नोट, ही तिथल्या सहकाऱ्याने नंतर पाठवली. आणि डब्याच्या तळाशी १९८४ चा एक सेडीचा पितळी तुकडा, त्यावर कवडी.

त्या नाण्यापासूनच सुरुवात करावी असं वाटतंय. अजून नक्की नाही.

१३ जुलै

भोकाची नाणी साफ केली. साफ म्हणजे नुसतं मऊ ब्रशने धूळ झटकली. चिंच-लिंबू लावणाऱ्यांना गटातून काढून टाकावं या मताचा मी आहे.

घाना तेव्हा गोल्ड कोस्ट. नायजेरिया, सिएरा लिओन, गॅम्बिया आणि गोल्ड कोस्ट या चारही वसाहतींना मिळून एकच चलन होतं, पश्चिम आफ्रिकी पौंड. ते काढणारं मंडळ १९१२ साली स्थापन झालं. पेनी, अर्धी पेनी आणि पेनीचा दहावा भाग या नाण्यांच्या मधोमध भोक, एका बाजूला सहा टोकांचा तारा. भोकामुळे राजाचं डोकं काढायला जागा नाही. मग राजाचं नुसतं नाव, कडेकडेने लॅटिनमध्ये. पंचम जॉर्जच्या पेनीवर भिंग धरलं तर 'राजा' या शब्दापुढे दोन तुटके शब्द दिसतात: हिंदुस्थानचा सम्राट. राजधानी अक्राच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईने कमरेला ओवलेल्या पेनीवरही आपण होतोच. १९४७ नंतरच्या नाण्यावर ते शब्द गेले. माझ्याकडे दोन्ही तऱ्हा आहेत, शेजारी-शेजारी लावायच्या.

आपल्याकडेही १९४३ पासून भोकाचा पैसा होता. आमच्या जुन्या घरात तो पत्र्याच्या छपरावर खिळ्याखाली वायसर म्हणून ठोकलेला मी पाहिलाय. गटातल्या एका काकांकडून एक उसना मागितला. "परत देशील ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

१९ जुलै

आज बरोबर साठ वर्षं झाली. १९ जुलै १९६५ ला सेडी चलनात आला. निमित्त बरं आहे, म्हणून रात्री बसून तिसरं, चौथं आणि पाचवं पान लिहून काढलं.

आधी थोडं मागे. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. बँक ऑफ घानाचा कायदा त्याच्या दोनच दिवस आधीचा. वर्षभराने, १४ जुलै १९५८ ला घानाचा स्वतःचा पौंड आला. हिशेब तोच इंग्रजी: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. फक्त पेनीचं भोक बुजलं आणि तिथे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमांचा चेहरा आला. भोवती लॅटिनमध्ये 'घाना राष्ट्राचा संस्थापक'. राणीला नाण्यावरून का काढलं, असा आरडाओरडा इंग्लंडात झाला. एन्क्रुमांनी तिथल्याच वर्तमानपत्रातून उत्तर दिलं. त्याचा आशय असा की आमच्या पुष्कळ लोकांना लिहिता-वाचता येत नाही, आपण खरंच स्वतंत्र झालो हे त्यांना खुणेनेच दाखवावं लागेल. उत्तर चोख आहे. पण खूण म्हणून स्वतःचंच डोकं का, हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर पुढे १९६६ ने दिलं.

आता मुख्य गंमत. १९६५ ला दशमान पद्धत आणताना एका पौंडाला २.४ सेडी असा भाव ठरवला. मला हा आकडा वर्षानुवर्षं वेडगळ वाटायचा. आज कागदावर मांडलं आणि डोक्यात प्रकाश पडला. पौंडात २४० पेन्स. २४० ला २.४ ने भागलं की १००. म्हणजे एक सेडी म्हणजे शंभर पेन्स, आणि सेडीचा शंभरावा भाग, पेसेवा, म्हणजे बरोबर एक पेनी. भाजीवालीच्या हातातली पेनी होती तिथेच राहिली, नुसतं नाव बदललं. बदलला तो वरचा हिशेब, जो बँकवाल्यांनी आणि माझ्यासारख्या कारकुनांनी करायचा.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला उलटं झालं. रुपया जिथल्या तिथे राहिला आणि खालचे आणे-पै मोडून नया पैसा आला. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे. आई अजून सांगते की वाण्याने त्या काळात पाव पाव पैसा करून लोकांना लुटलं.

२७ जुलै

कवडीचं पान. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं.

सेडी हा शब्द घानातल्या अकान भाषेतल्या 'सेदिए'वरून आला. अर्थ कवडी. राष्ट्रीय चलनाचं नाव कवडी! आपल्याकडे 'फुटकी कवडी देणार नाही', 'कवडीमोल भावाने विकलं', 'कवडीचुंबक'. मराठीत कवडीला पैशाचा मान शिल्लकच नाही. पानाचा मथळा मी 'कवडीमोल' असा केला होता. चहा घेताना आईला वाचून दाखवला.

"असं कसं नाव देतोस रे? त्यांच्या देशाचा पैसा ना तो?"

"अगं, कवडी म्हणजेच..."

"कवडी म्हणजे काय ते मला नको सांगूस." आणि उठून देवघरातून माळ घेऊन आली.

आई बार्शीकडची. घरात तुळजाभवानीची परडी आहे आणि कवड्यांची माळ. नवरात्रात ती माळ गळ्यात घालून पाच घरी जोगवा मागते, अजूनही, गुडघे दुखत असताना. दोन वर्षांपूर्वी माळेचा दोरा तुटला तेव्हा एक कवडी सुटली, ती कुंकवाच्या डबीत ठेवलेली होती. ती तिने माझ्या हातावर ठेवली. पिवळसर पाठ, वर घासून घासून आलेली चमक, पोटाला दातेरी फट, त्या फटीत कुंकू. शेजारी मी १९८४ चं नाणं ठेवलं. नाण्यावरची कवडी पोटाच्या बाजूने काढलेली आहे. फट अगदी तशीच.

मथळा खोडला.

ही कवडी तिकडे गेली कशी, तर मालदीवहून. तिथल्या बायका उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या सोडत, त्यांना कवड्या चिकटत. मग त्या वाळूत पुरायच्या, आतला जीव कुजून गेला की धुवायच्या. तिथून गलबतं बंगालला जायची आणि बदल्यात तांदूळ आणायची. इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवात काझी होता, त्याने हे सगळं जवळून पाहिलं. आणि दहाएक वर्षांनी तोच माणूस सहारा ओलांडून नायजर नदीकाठच्या 'गाव' (Gao) नावाच्या शहरात पोचतो, तर तिथे बाजारात याच कवड्या, एका सोन्याच्या दिनाराला १,१५०. मध्ये निम्मं जग आहे. नकाशावर ही दोन टोकं सुतळीने जोडायचं ठरवलंय.

पुढे डच आणि इंग्रज आले. त्यांची जहाजं परतताना तळाला वजन म्हणून कवड्या भरत. त्या ॲमस्टरडॅमला नाहीतर लंडनला उतरायच्या, तिथून पुन्हा जहाजाने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे त्यांनी कापड, तांदूळ घेतला नाही. माणसं घेतली. ही ओळ पानावर कुठे टाकावी ते कळत नव्हतं. शेवटी नकाशाच्या खाली एकटीच ठेवली, तिच्या वर-खाली जागा सोडून.

मोजायची पद्धत: चाळीस कवड्यांची एक सर, पन्नास सरी म्हणजे दोन हजार कवड्यांचं एक 'डोकं', दहा डोक्यांचं एक पोतं. वीस हजार कवड्या मोजून पोत्यात भरणाऱ्या माणसाला माझ्या खात्यात मी डोळे झाकून नोकरी दिली असती. एकोणिसाव्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या, स्वस्त कवड्या जहाजंच्या जहाजं भरून आणून ओतल्या आणि कवडीचा भाव बसला. नोट छापायचं यंत्र नसतानाही चलनवाढ करता येते.

३ ऑगस्ट

सकाळी बाजारपेठेतल्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. दुकान उघडून नुकतीच उदबत्ती लावली होती. खिशात दहा गुंजा. त्यांना म्हटलं, "शेठ, एवढं वजन करून द्या, विकायचं काही नाही."

त्यांनी एकेक गुंज चिमटीने काट्यावर ठेवली. दहा मिळून १.१७ ग्रॅम. "दोन पोचट आहेत," ते म्हणाले. "आजोबा असते तर या दोन फेकल्या असत्या." आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे त्यांनी न विचारता म्हणून दाखवलं. हल्ली गिऱ्हाईक ग्रॅमशिवाय बोलत नाही, तेव्हा हे कोणी ऐकायला आलं याचाच त्यांना आनंद.

हे सगळं पेसेवासाठी. हा शब्दसुद्धा आकाशातून पडलेला नाही. अकान लोक सोन्याच्या भुकटीने व्यवहार करायचे आणि त्यांच्या वजनांतलं सगळ्यात लहान वजन म्हणजे पेसेवा, एक काळपट निळं बी. त्याच तागडीत लाल-काळी गुंजसुद्धा चालायची, अगदी हीच. अकानांपैकीच असांतेच्या राज्यात कवडीला फारसा थारा नव्हता, तिथे सोनं. प्रत्येक प्रतिष्ठित माणसाजवळ कापडात गुंडाळलेला संच असायचा: छोटी तागडी, चमचा, चाळणी, भुकटीची पितळी डबी आणि पितळेची वजनं. वजनं तरी कशी! मागे वळून पाहणारा पक्षी, दोन मगरींना मिळून एकच पोट, कुलूप, खेकडा, शेंगदाणा. बहुतेकांमागे एक म्हण. त्यांच्या भाषेत पैशाला शब्द 'सिका', सोन्यालाही 'सिका'.

म्हणजे सेडी म्हणजे कवडी आणि पेसेवा म्हणजे जणू त्यांची गुंज. एक समुद्रावरून आलेली, एक मातीतली. मुख्य चलनाला कवडीचं नाव आणि त्याच्या शंभराव्या भागाला सोन्याच्या वजनाचं, हा क्रम मला कायम उलटा वाटत आलाय. सराफालाही तसंच वाटलं.

दहांतल्या सहा गुंजा पान सातवर चिकटवायच्या. बायकोने बजावलंय, विषारी असतात, लहान मुलं येतात प्रदर्शनाला, वर पारदर्शक डबी लाव.

९ ऑगस्ट

आज राखी, काल नारळीपौर्णिमा. काम शून्य. नारळीभात दोन वेळा.

१७ ऑगस्ट

आठ ते दहा ही पानं पडझडीची. इथे तारखा इतक्या दाटीने येतात की तक्ता करायचा मोह होतो. तक्ता करणार नाही, लोक तक्ता वाचत नाहीत.

२४ फेब्रुवारी १९६६. एन्क्रुमा हनोईला जायला निघालेले, वाटेत पेकिंग. इकडे लष्कराने सत्ता घेतली. महिन्याभरापूर्वीच त्यांनी अकोसोंबोच्या धरणाचं उद्घाटन केलं होतं. संसदेसमोरचा पुतळा लोकांनी पाडला. नोटांवरच्या चेहऱ्याला पाडता येत नाही, तो बदलावाच लागतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये 'नवा सेडी' आला: १.२ जुन्यांना एक नवा. म्हणजे दहा शिलिंगांचा एक, पौंडाला दोन. त्या दिवसाच्या भावाने एक नवा सेडी १.४० डॉलरचा होता. हा आकडा ठळक छापायचा, शेवटच्या पानाला लागणार आहे. चार-पाच महिन्यांतच, जुलैमध्ये, पहिलं अवमूल्यन. 'नवा' हा शब्द पुढे गळून पडला, आपल्या नया पैशातला 'नया' गळला तसाच.

डिसेंबर १९७१ मध्ये पंतप्रधान बुसिया यांनी सेडी एका झटक्यात खाली आणला. १३ जानेवारी १९७२ ला त्यांचं सरकार गेलं. आलेल्या कर्नल अचेंपाँग यांनी सेडी थोडा वर नेला आणि परदेशी कर्जांबाबत जाहीर केलं, 'येंतुआ', म्हणजे 'देणार नाही'. टाळ्या मिळाल्या. मग नोटा छापत राहिले. मार्च १९७९ मध्ये, अचेंपाँग जाऊन दुसरे लष्करशहा आलेले असताना, सरहद्दी बंद करून सगळ्या नोटा बदलल्या. पाच हजारांपर्यंत दहाला सात मिळणार, त्यापुढे दहाला पाच. चुकून नाही, मुद्दामच. लोकांच्या हातातला पैसा कमी करायचा होता.

आणि १९८२. आता त्या तीन नोटा.

आमच्या कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीला एक म्हातारे चौकीदार होते. उत्तरेकडचे. २००६ च्या नाताळात त्यांनी बायबलच्या पानांतून पन्नास सेडीच्या तीन नोटा काढून दाखवल्या. पन्नासची नोट तेव्हा सर्वात मोठी. जेरी रॉलिंग्ज यांनी ३१ डिसेंबर १९८१ ला सत्ता घेतली आणि काही आठवड्यांतच पन्नासच्या नोटा रद्द. बँकेत भरा, पावती घ्या, पैसे नंतर. "बँक चार दिवसांच्या वाटेवर होती," ते म्हणाले, "आणि पावतीने मका येत नाही." मी नोटा विकत घ्यायला निघालो तर त्यांनी पैसे घेतले नाहीत. आमच्याकडच्या हापूसच्या रसाचा डबा मात्र घेतला.

या नोटांखाली माहिती दोनच ओळी देणार आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ज्यांनी रांगेत काढलाय त्यांना अधिक समजवायला नको.

१९८३ साठी वेगळं पान. दुष्काळ, वणवे, आणि जानेवारीत नायजेरियाने हाकललेले लाखो घानावासी डोक्यावर सामान घेऊन परतलेले. चौकड्यांची ती प्लास्टिकची पिशवी, आपल्याकडे गावी जाणारे लोक चेन लावून भरतात तीच, तिला तिकडे आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. लोक इतके वाळले की गळ्याखाली वर आलेल्या हाडांना 'रॉलिंग्जचा हार' नाव पडलं. महागाई त्या वर्षी सुमारे १२३ टक्के. ऑक्टोबरमध्ये डॉलरचा सरकारी भाव २.७५ सेडीवरून थेट ३० वर. पुढे सेडी खालीच जात राहिला.

पिशवीचा एक तुकडा कापून पानाला पार्श्वभूमी म्हणून लावावा का? बायकोची पिशवी कापावी लागेल. विचारलं नाही अजून.

१८ ऑगस्ट

विचारलं. नाही.

२४ ऑगस्ट

२००७ चं पान लिहायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. हे मी स्वतः भोगलंय.

२००६ मध्ये आमच्याकडे १८० कामगार, पगार रोखीत. एकेकाचा महिन्याचा सरासरी बारा लाख सेडी. लाख ऐकून चकित होऊ नका, ते जेमतेम १३० डॉलर होतात. एकूण २१ कोटी ६० लाख. सर्वात मोठी नोट वीस हजारांची, वर एफ्राइम आमू या संगीतकारांचं चित्र. तेवढ्याच नोटा घेतल्या तरी १०,८०० नोटा, १०८ गड्ड्या. त्यातही लोकांना सुटे हवे असायचे. बँकेतून पैसे आणायला मी खताची पोती नेत असे. मोजून मोजून अंगठ्याला भेग पडायची.

१ जुलै २००७ ला चार शून्यं गेली. दहा हजार जुन्यांचा एक नवा, नाव 'घाना सेडी'. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ एकच घोष: किंमत तीच आहे. जुलैचा पगार मी २१,६०० सेडीत वाटला. पन्नासच्या नोटांत तो ४३२ नोटांत मावला, पोतं नाही, एक लिफाफा. सुरुवातीला घाना सेडी डॉलरपेक्षा भारी होता, आणि ते सांगताना बँकेतला रोखपालसुद्धा ताठ बसायचा.

कामगार मात्र खूश नव्हते. लाखाचे माणूस होते, एकदम शंभराचे झाले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कम्युनिटी वनच्या बाजारात टोमॅटो घेत होतो. डब्यात रचलेला ढीग. विकणाऱ्या आंटीने सांगितलं, "वीस हजार." मी घाईत नवी वीसची नोट दिली. तिने ती उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं, आणि अठरा सेडी परत मोजून माझ्या हातात ठेवले. "मास्टर, वीस हजार म्हणजे दोन. आज मी आहे म्हणून. उद्या दुसरी असेल." मी हिशेबनीस.

वर्षं गेली तरी बाजारात एका सेडीला 'दहा हजार' म्हणणारे होते. आपल्याकडे 'सोळा आणे खरं' अजून चालतंच की. आणि तिथल्या गच्च भरलेल्या वडाप गाडीचं नाव ट्रो-ट्रो हेसुद्धा पैशातूनच आलं. गा भाषेत 'त्रो' म्हणजे तीन पेन्स, एके काळचं भाडं. तीन पेन्सचं नाणं जाऊन दोन पिढ्या झाल्या, गाडी त्याच नावाने धावते.

या पानावर आपल्या पिग्मी ठेवीसारख्या 'सुसु'बद्दलही लिहायचं होतं. महिनाभर रोज तेवढीच रक्कम गोळा करणारा माणूस, शेवटी एका दिवसाची रक्कम स्वतःला ठेवून बाकी परत. जागा उरली नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहावं.

५ सप्टेंबर

छपाईची पहिली प्रत आली. एका डिजिटल छपाईवाल्याकडे दिली होती. पान एक: 'घानाचं राष्ट्रीय चलन साडी'. पान तीन: '१९६५ मध्ये पौंडाऐवजी साडी आली'. पान नऊ: 'सरकारने साडी एका झटक्यात खाली आणली'. त्यांच्या संगणकाने मायेने सुधारणा केली होती. मुलगी हसून लोटपोट, मी रागाने, मग मीही.

हा शब्दच अवघड. तिथे सगळे 'सीडी' म्हणतात. पण मराठीत 'सीडी' लिहिलं तर लोक गाण्यांची तबकडी समजतील. मूळ 'सेदिए' दिसावं म्हणून 'सेडी'च ठेवतोय, खाली उच्चाराची एक चिठ्ठी.

दुसरी अडचण चिन्हाची. सी अक्षरावर उभी रेघ. ते युनिकोडमध्ये २००५ सालीच आलं, आपल्या रुपयाच्या चिन्हाच्या पाच वर्षं आधी. पण या छपाईवाल्याच्या फाँटमध्ये त्याजागी रिकामा चौकोन उमटतो. सोळा पानांत एकतीस चौकोन. सगळे काढले, 'सेडी' अक्षरात लिहिलं. उद्या अनंत चतुर्दशी, त्यामुळे दुकान सोमवारपर्यंत बंद.

१३ सप्टेंबर

चेहऱ्यांची पानं, तेरा आणि चौदा.

२००७ पासूनच्या मुख्य नोटांवर एक नाही, स्वातंत्र्यलढ्यातली सहा माणसं: एन्क्रुमा, डानक्वा, ओबेत्सेबी-लॅम्प्टी, अकुफो-अडो, ओफोरी-अट्टा, अको-अजेई. शेजारी अक्राची स्वातंत्र्य कमान. एकट्या एन्क्रुमांना ठेवावं तर दुसरी बाजू चिडते, वगळावं तर पहिली. सहाही ठेवले की मग भांडण नोटेबाहेर. २०१० ला एन्क्रुमांच्या जन्मशताब्दीची दोन सेडीची नोट आली, तिच्यावर ते एकटे. या सहांतल्या एडवर्ड अकुफो-अडो यांचा मुलगा २०१७ ते २०२५ राष्ट्राध्यक्ष होता. रोजच्या पगारात वडिलांचा चेहरा वाटला जातोय, हे त्यांना कसं वाटत असेल?

हे सहा एकत्र गणले गेले ते तुरुंगामुळे. २८ फेब्रुवारी १९४८ ला अक्रात माजी सैनिकांचा मोर्चा गव्हर्नरकडे निघाला, थकलेलं देणं मागायला. पोलिसांनी गोळी चालवली, तीन सैनिक मेले, शहर पेटलं, आणि सरकारने या सहा पुढाऱ्यांना पकडलं. ते सैनिक लढले होते कुठे? ब्रह्मदेशात. पश्चिम आफ्रिकेच्या ८१ आणि ८२ क्रमांकाच्या डिव्हिजन समुद्रमार्गे आपल्या बाजूला आल्या आणि पुढे अराकानच्या जंगलात गेल्या. गटातल्या काकांचे वडील त्याच आघाडीवर होते. पान वाचून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भोकाचा पैसा राहू दे तुझ्याकडे."

मुलगी नोटा भिंगाने बघत होती. "बाबा, सहाच्या सहा पुरुष. एकही बाई नाही?" नोटेवर नाही. पन्नास पेसेवाच्या नाण्यावर आहे, बाजारात माल विकणारी. नाण्यावर तिचं नाव नाही. मी ते नाणं चौदाव्या पानावर, सहा चेहऱ्यांच्या बरोबर खाली लावलं. ते काम तिनेच केलं, चिमट्याने.

२१ सप्टेंबर

शेवटचं पान. आज एन्क्रुमांचा जन्मदिवस, योगायोगच.

२०१९ मध्ये शंभर आणि दोनशेच्या नोटा आल्या, तेव्हाच शून्यं पुन्हा डोकावू लागली होती. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महागाई ५४.१ टक्के, परकीय कर्जाचे हप्ते थांबले. पण आता बाजारात रोख कमी दिसते, आंटीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. यंदा सेडीने उलटी चाल केली. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला पंधराच्या घरात होता, मे अखेरीस साडेदहाच्या आसपास. सोन्याचा भाव वाढला आणि देशातलं सोनं सरकार स्वतः खरेदी करायला लागलं, हेही त्यामागे आहे. पुन्हा सोनं.

मेच्या भावाने हिशेब करून पाहिला. साडेदहा घाना सेडी म्हणजे जुने १,०५,०००. १९६७ मध्ये एका डॉलरला पाऊण सेडीसुद्धा लागत नव्हता. हे दोन आकडे एकाखाली एक, दुसरं काही नाही.

संध्याकाळी सोळाही पानं ओळीने जमिनीवर मांडली. पहिल्या पानावर डावीकडे नाणं, उजवीकडे कुंकू लागलेली कवडी, मध्ये मथळा: 'कवडी ते कवडी'. आई काठी टेकत आली, वाकून पाहिलं.

"उद्या घट बसतात," ती म्हणाली. "माळ ओवून घेतलीय. कवडी दे."

"अगं, ४ तारखेला प्रदर्शन आहे."

"दसरा दोनला आहे ना? तीनला घेऊन जा."

पारदर्शक कप्पा उघडून कवडी काढून दिली. कप्प्यावर पेन्सिलने लिहून ठेवलं: ३ ऑक्टोबर, आईकडून आणणे.